आमच्या घरचा वैशंपायन

‘पोपटपंची’ हा शब्द शाळांतून फार वापरला जातो. अर्थ न समजतां धडाधड पाठ म्हणणारा विद्यार्थी दिसला, कीं गुरुजी त्याला हा शब्द बहाल करून मोकळे होतात. अध्यापनाच्या पेशांत आमचीं अडतीस वर्षें गेलीं. परंतु हा शब्द आम्हीं वर्गांत कधीं उच्चारला नाहीं. याचें कारण आमची विद्यार्थ्यांवरील माया हें नव्हे. त्या शब्दानें विद्यार्थ्याचा जो अपमान व्हावयाचा तो होवो. पोपटाचा मात्र फारच मोठा होतो, हें खरें कारण. आमच्या घरीं एकोणीस वर्षें एक राघू होता. तो गेल्याला आतां चाळिसांहून अधिक वर्षें लोटलीं. त्याच्या हातून, म्हणजे त्याच्या चोंचीतून, आमच्या कुटुंबांत जें घडलें तें वाचकांना सांगण्याजोगें आहे असें वाटल्यावरून हा लेखनप्रपंच.

आपल्या वाङ्मयांत पोपटाची योग्यता केवढी मानलेली आहे, हें सहसा कोणाच्या ध्यानांत राहत नाहीं. लांब गद्यकथेला आपण मराठींत ‘कादंबरी’ म्हणतों. हें नांव ज्या ग्रंथावरून आलें, तो बाणभट्टाचा सातव्या शतकांतील ग्रंथ. आणि त्यांतील कथा सांगणारा वैशंपायन हा चक्क एक पोपट आहे. शूद्रक राजाच्या सभेंत एक चांडालकन्या त्याला पिंजऱ्यांतून घेऊन येते, तो उजवा पाय उचलून राजाला उद्देशून आर्या म्हणतो, आणि मग आपल्या जन्मापासूनची सारी हकीकत सांगूं लागतो. मंडनमिश्रांचें घर कोणतें, असें आद्य शंकराचार्यांनीं विचारलें, तेव्हां ज्या दारीं पिंजऱ्यांतलीं पांखरें वेद स्वतःप्रमाण कीं परतःप्रमाण असा वाद घालीत असतील तें घर, असें उत्तर मिळाल्याची कथा शंकरदिग्विजयांत आहे. अमरूच्या शतकांत रात्रींचें नवराबायकोचें बोलणें पोपट सकाळीं वडील मंडळींसमोर बोलूं लागतो, आणि लाजेनें चूर झालेली सून कानांतलें माणिक डाळिंबाचा दाणा म्हणून त्याच्या चोंचींत कोंबते. मेघदूतांतील विरहिणी यक्षपत्नी पिंजऱ्यांतल्या सारिकेलाच विचारते, कीं तुला तरी धन्याची आठवण येते का. मंडनमिश्रांचीं पंडित पांखरें वगळलीं, तर या ठिकाणीं एक गोष्ट समान दिसेल. माणसें जें एकमेकांशीं बोलूं शकत नाहींत, तें पांखरापाशीं बोलतात, किंवा पांखराच्या तोंडून ऐकतात. आमच्या घरीं तेंच झालें.

१९६४ सालच्या वैशाखांतली गोष्ट. आम्ही तेव्हां सहा वर्षांचे होतों. सोलापूरचा उन्हाळा सोलापूरकरांना सांगावयास नको, आणि इतरांना सांगून पटत नाहीं. त्या दिवशीं तिसऱ्या प्रहरीं वावटळ उठली आणि मागोमाग वळवाचा पाऊस गारांसह कोसळला. कसब्यांतील आमच्या वाड्याच्या परसांत एक जुना लिंब होता. त्याची एक पोकळ फांदी कडाडून खालीं आली. पाऊस उघडल्यावर आजी बाहेर गेली तों फांदीच्या ढोलींतून तीन पिल्लें चिखलांत पडलेलीं. दोघांचा जीव गेलेला होता. तिसरें मान टाकून धापा टाकीत होतें. अंगावर पिसांचे नुसते हिरवट खुंट, पोट फुगलेलें, डोकें अंगाच्या मानानें मोठें. इतकें कुरूप पांखरूं आम्हीं त्यापूर्वीं पाहिलें नव्हतें. आजीनें तें पदरांत उचलून घरांत आणलें.

आमचे वडील, अण्णा, संस्कृताचे अध्यापक होते. त्यांनीं पिल्लाकडे एकदां पाहिलें आणि म्हणाले, “हा तर वैशंपायन.” बाणाच्या कथेंतील वृद्ध शबर शाल्मली वृक्षावर चढतो, ढोलीढोलींतून पिल्लें ओढून काढतो आणि माना मुरगाळून खालीं फेंकतो, पित्याच्या पंखांखालीं दडलेलें एक पिल्लूं तेवढें वाळक्या पानांच्या ढिगावर पडून वांचतें, तोच पुढें वैशंपायन होतो. नांव प्रसंगाला साजेसें होतें खरें. परंतु आजीच्या जिभेला तें जड गेलें. तिनें त्याला पहिल्या दिवसापासून राघू म्हटलें, आणि वैशंपायन हें नांव केवळ अण्णांच्या वापरांत राहिलें.

चुलीजवळच्या उबेला एका दुरडींत जुन्या धोतराचे तुकडे अंथरून त्याची सोय झाली. हरभऱ्याची डाळ भिजवून, वाटून, तिचा मऊ लगदा आजी बोटाच्या टोंकावर घेऊन दर दोन तासांनीं त्याला भरवीत असे. आजी कडक सोंवळ्याची. चिमणीनें स्पर्श केलेलें भांडें पुन्हां घासून घेणारी. तिच्या मांडीवर हें पिल्लूं विष्ठेसह लोळतांना पाहून शेजारच्या बायकांना नवल वाटे. पंधरा-वीस दिवसांत पिसें फुटलीं आणि पावसाळा लागतांच तो हिरवागार झाला. नर कीं मादी, हें मात्र कोणाला सांगतां येईना. या जातीच्या नराच्या गळ्यांत काळी-गुलाबी कंठी असते, पण ती दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीं उमटते. तोंपर्यंत दोघेही सारखेच दिसतात. तिसऱ्या वर्षीं कंठी दिसली, तेव्हां आपण ठेवलेलें नांव लिंगदृष्ट्याही शुद्ध ठरलें, म्हणून अण्णांना व्याकरणाचा आनंद झाला.

पुढें एक लोखंडी पिंजरा आणला. पण त्याचें दार दिवसभर उघडें असे. माजघरांतील खुंटीवर, दोरीवर, कधीं अण्णांच्या टोपीवर त्याचा मुक्काम असावयाचा. पायाचीं दोन बोटें पुढें व दोन मागें असल्यामुळें पेरूची फोड तो माणसासारखी मुठींत धरून खाई. हुरड्याच्या दिवसांत कोंवळें कणीस, माघांत हरभऱ्याचे घाटे, सांगोल्याकडील डाळिंबें आलीं कीं त्यांचे दाणे, आणि बारा महिने हिरवी मिरची. ही मिरची त्याला तिखट कशी लागत नाहीं, याचें कोडें आम्हां मुलांना होतें. मिरचीतला तिखटपणा सस्तन प्राण्यांच्या जिभेला झोंबतो, पांखरांना तो जाणवतच नाहीं, असें शास्त्रज्ञांनीं आतां दाखवून दिलें आहे. बी पांखरांनीं लांबवर नेऊन टाकावें आणि उंदीर-घुशींनीं चावून फुकट घालवूं नये, अशी ही मिरचीच्या झाडाची सोय.

बोलणें त्याला दुसऱ्या वर्षीं फुटलें. पंढरपूर आमच्याच जिल्ह्यांत. तेव्हां पहिला शब्द ‘विठ्ठल’ असावा, हें ठरलेलेंच होतें. पुढचे शब्द मात्र कोणी ठरविले नाहींत. इराणच्या दरबारीं वैद्य असलेल्या क्टेसियस नांवाच्या ग्रीकानें ख्रिस्तपूर्व ४०० च्या सुमारास हिंदुस्थानाविषयीं एक ग्रंथ लिहिला. त्यांत, येथील एक पांखरूं माणसासारखें बोलतें, तें हिंदी लोकांची भाषा बोलतें व ग्रीक शिकविल्यास ग्रीकही बोलतें, असें त्यानें नमूद केलें आहे. सोलापुरांत ग्रीक शिकविणारा कोणी नव्हता. परंतु इतर भाषांची वाण नव्हती. आमच्या परसापलीकडे एका पद्मशाली विणकराचें बिऱ्हाड होतें. दिवसभर त्याच्या मागाचा खटका चाले आणि त्याची बायको मुलाला ‘इक्कड रा’ म्हणून हांका मारी. पहांटे दुधाची घागर घेऊन येणारा गवळी कानडी. त्याची ‘अव्वा, हालु’ ही आरोळी दारांतून थेट माजघरांत येई. राघूनें हीं दोन्ही उचललीं. केंद्र सरकारनें त्रिभाषासूत्र १९६८ सालीं शिक्षणविषयक धोरणांत घातलें. आमच्या घरीं तें त्यापूर्वींच लागू झालेलें होतें, आणि त्याविरुद्ध कोणी तक्रारही केली नव्हती. संक्रांतीला सिद्धेश्वराच्या गड्ड्याची यात्रा भरे. नंदीध्वजांची मिरवणूक जवळून गेली, कीं पुढें आठ दिवस राघूचें ‘हर्र’ चालूं. गिरण्यांचे भोंगे तेव्हां शहराचें घड्याळ होते. त्या भोंग्याची तो बारीक, लांबट नक्कल करी; तीही वेळेवर नव्हे, तर अण्णा दुपारीं पडले कीं हटकून.

हें सर्व झालें बाहेरचें. घरांतला त्याचा खरा गुरु म्हणजे आजी. तिचीं तीन वाक्यें त्यानें अशीं उचललीं, कीं माजघरांत नुसता आवाज ऐकला तर आजी बोलते कीं राघू, हें आम्हांलाही कळत नसे. पहिलें नामस्मरणाचें ‘विठ्ठल विठ्ठल’, शेवटच्या अक्षरावर किंचित् कापणारें. दुसरें आमच्या आईला उद्देशून: “सूनबाई, दूध बघ गं!” यांत ‘बघ’ वर जो जोर असे, त्यांत सासूपणाचीं पंचवीस वर्षें भरलेलीं होतीं. आमच्या आजीला आम्ही दुष्ट म्हणणार नाहीं. ती त्या काळच्या सासवांसारखी सासू होती. सुनेच्या हातचें जेवण तिनें कधीं नांवाजलें नाहीं आणि कधीं टाकलेंही नाहीं. आईही त्या काळच्या सुनांसारखीच सून. “बघते हो” एवढेंच तिचें उत्तर. पहांटे पाणी भरण्यापासून रात्रीं अंथरुणें घालीपर्यंत आई उभीच्या उभी असे, आणि त्याबद्दल कोणी कांहीं बोलावें अशी रीत नव्हती.

तिसरें वाक्य रात्रीचें होतें. दिवे लागून जेवणें आटोपलीं, कीं राघूला पिंजऱ्यांत घालून आजी वर एक जुन्या लुगड्याचा तुकडा टाकी आणि म्हणे, “दमलं गं माझं बाळ. नीज आता.” हें वाक्य आजीनें आमच्यापैकीं कोणाला म्हटल्याचें आम्हांस स्मरत नाहीं. पोटच्या मुलाला नाहीं, नातवंडांना नाहीं, सुनेला तर नाहींच नाहीं. मायेचे शब्द माणसांवर खर्च करण्याची तिला संवय नव्हती. राघूच्या बाबतींत तो निर्बंध नसावा. पडद्याआडून राघूही तेंच परत म्हणे, आणि मग दोघेही गप्प होत.

१९६९ च्या कार्तिकांत आजी गेली. चार दिवसांचा ताप झाला आणि संपलें. दहाव्या दिवशीं कावळ्यानें पिंडाला विलंब न लावतां स्पर्श केला. म्हणजे म्हातारीची कांहीं इच्छा मागें राहिली नाहीं, असें म्हणून मंडळी समाधानानें घरीं परतली. सर्वजण माजघरांत टेंकतात न टेंकतात तोंच खुंटीवरून आजीचा आवाज आला: “सूनबाई, दूध बघ गं!” आणि स्वयंपाकघरांतून आई, हातांतलें काम न टाकतां, संवयीनें बोलून गेली, “बघते हो.” त्यानंतर माजघरांत जी शांतता पसरली, ती आम्हांला आजही जशीच्या तशी आठवते. अण्णा उठून बाहेर गेले.

वास्तविक राघूनें कांहीं नवें केलें नव्हतें. पण त्या दिवसापासून घरांत दोन पक्ष झाले. आत्या तेराव्यापर्यंत राहिली होती. तिचें म्हणणें, मेलेल्या माणसाचा आवाज घरांत राहणें चांगलें नव्हे. पोपट कोणाला तरी देऊन टाकावा, नाहीं तर सिद्धेश्वराच्या तळ्याकाठीं झाडांत सोडून द्यावा. अण्णा शकुन-अपशकुन मानणारे नव्हते. परंतु आपल्या आईचा आवाज सकाळसंध्याकाळ कानीं पडावा आणि आई मात्र नसावी, हें त्यांना सहन होईना. दूध तापण्याच्या वेळीं ते छत्री घेऊन उगाच फिरावयास निघत. कालिदास-भवभूतीचा करुणरस मुलांना समजावून सांगणारा हा मनुष्य त्या एका वाक्यापुढें घर सोडून बाहेर पडे. शेवटीं त्यांनीं आत्याचा सल्ला मान्य केला.

तेव्हां आई बोलली. घरांतील मोठ्या गोष्टी ठरतांना ती बोलल्याचा आमच्या आठवणींतला हा पहिलाच प्रसंग. ती म्हणाली, “राघू कुठं जायचा नाही.” कारण विचारलें तेव्हां, हातावर वाढलेलें पांखरूं बाहेर सोडलें तर दुसऱ्या दिवशीं मांजराच्या तोंडीं जाईल, असें तिनें सांगितलें. हें कारण खरेंच होतें, आणि त्याला उत्तर नव्हतें. आत्या गांवीं गेली. अण्णांनीं फिरणें चालूं ठेवलें. वर्षभरानें तें आपोआप बंद पडलें.

दुसरें कारण आम्हांस पुष्कळ दिवसांनीं कळलें, तेंही कोणी न सांगतां. आजीमागें रात्रीं पिंजरा झांकण्याचें काम आईकडे आलें. सगळी आवराआवर करून, ओले हात पदराला पुशीत, ती लुगड्याचा तो तुकडा पिंजऱ्यावर टाकी, आणि आंतून आजी म्हणे, “दमलं गं माझं बाळ. नीज आता.” आई क्षणभर तशीच उभी राही. मग हळू आवाजांत म्हणे, “हो, निजते.” पंचवीस वर्षांत जें ऐकावयास मिळालें नव्हतें, तें तिला त्या आवाजांत, त्या घरांत, रोज रात्रीं ऐकूं येऊं लागलें. राघूला तें तिच्यासाठीं म्हणावयाचें नव्हतें, हें तिलाही ठाऊक होतेंच. आमची आई अडाणी नव्हती.

येथें पोपटाच्या बोलण्याविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. रानांत पोपट थव्यानें राहतात आणि थव्यांतील सोबत्यांच्या हांका शिकून त्यांना तशीच साद घालतात. व्हेनेझुएलांतील एका छोट्या जातीच्या पोपटांचा अभ्यास करून कार्ल बर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २०११ सालीं असें दाखविलें, कीं आईबाप घरट्यांतल्या प्रत्येक पिल्लाला निराळी हांक देतात, आणि पिल्लें ती उचलून थोड्याफार फरकानें आपली म्हणून वापरतात. म्हणजे एक प्रकारचें बारसेंच. माणसांत वाढलेल्या पोपटाला माणसें हाच थवा. तेव्हां तो जें बोलतो तें निरर्थक पाठांतर नसून साद असते, आणि साद ही प्रतिसादावर जगते. अमेरिकेंतील आयरीन पेपरबर्ग या विदुषींनीं १९७७ पासून २००७ पर्यंत अॅलेक्स नांवाच्या आफ्रिकी पोपटाला शिकविलें. रंग, आकार आणि सहापर्यंतच्या संख्या तो ओळखून सांगे. त्यांची रीत अशी कीं पोपटासमोर दोन माणसांनीं आपसांत प्रश्नोत्तरें करावयाचीं आणि त्यानें त्यांत भाग घ्यावयाचा. एकाच शब्दाची घोकंपट्टी करून घेणें, ही ती रीत नव्हे. आमच्या शिक्षकबंधूंनीं याची नोंद घ्यावी.

आमच्या राघूच्या बाबतींत याचा पडताळा आम्हीं डोळ्यांनीं पाहिला. आजीच्या तीन वाक्यांपैकीं सर्वांत आधीं गेलें तें ‘विठ्ठल विठ्ठल’. म्हणजे शब्द गेले नाहींत, आवाज गेला. घरांत येणारा-जाणारा प्रत्येकजण राघूपुढें उभा राहून ‘विठ्ठल विठ्ठल’ म्हणे. त्यामुळें वर्षभरांत त्यांत अण्णांचा खर्ज, आमचा बालस्वर, शेजाऱ्याची घाई, असें सगळें मिसळून तो आवाज कोणाचाच राहिला नाहीं. देवाचें नांव सर्वांचें, म्हणून तें एकट्या आजीचें उरूं शकलें नाहीं, असें अण्णा म्हणत. दुधाचें वाक्य आठ वर्षें टिकलें. १९७७ सालीं घरांत गॅसची शेगडी आली, ओटा बांधला, आणि स्वयंपाकघर माजघरापासून दूर, मागच्या खोलींत गेलें. राघूला दूध दिसेना, आईला हांक ऐकूं येईना. चारसहा महिने तो बोलला, उत्तर येईना म्हणून कमी बोलूं लागला, आणि दिवाळीच्या सुमारास तें वाक्य कायमचें बंद पडलें. तिसरें वाक्य मात्र जसेंच्या तसें होतें. तें एकच माणूस ऐके, आणि रोज उत्तर देई.

प्रसिद्ध जर्मन प्रवासी हुंबोल्ट १८०० सालीं दक्षिण अमेरिकेंतल्या ओरिनोको नदीवर गेला असतां त्याला एका गांवीं एक म्हातारा पोपट दाखविण्यांत आला. तो काय बोलतो तें कोणालाच कळत नसे. कारण तो आतूर नांवाच्या जमातीची भाषा बोलतो आणि ती जमात नाहींशी झालेली आहे, असें गांवकऱ्यांनीं त्याला सांगितलें. ही हकीकत आम्हीं पुढें वाचली तेव्हां तींत एक गोष्ट आम्हांला खटकली. ज्याला कोणी उत्तर देत नाहीं असा पोपट इतकीं वर्षें बोलत राहील कसा? एखादी म्हातारी त्याच्याशीं बोलत असली पाहिजे, आणि ती हुंबोल्टला कोणी दाखविली नाहीं, असा आमचा तर्क आहे. त्याला पुरावा अर्थात् कांहीं नाहीं.

आजीचा एकच फोटो घरांत होता, तोही कोणाच्या तरी मुंजींतला, दहाबारा बायकांत एक. आवाज टिपून ठेवणारें यंत्र एडिसननें १८७७ सालींच काढलेलें असलें, तरी १९६९ सालीं कसब्यांतल्या मास्तराच्या घरीं तें असण्याचा प्रश्न नव्हता. आतां ज्याच्या त्याच्या खिशांत तें आहे.

१९७२ चा दुष्काळ जुन्या सोलापूरकरांच्या अजून अंगावर येतो. खेड्यांतून खडी फोडण्याचीं कामें निघालीं, शहरांत नळाला पाण्याची धार दिसेनाशी झाली, आणि रेशनवर तांबडा मिलो आला. त्याच्या भाकरीविषयीं आम्ही कांहीं बोलत नाहीं. राघूनें तो दाणा पायांत धरला, चोंचीनें उलटापालटा केला, आणि खालीं टाकला. दुसऱ्यांदा पायांत धरलाही नाहीं. मंगळवेढ्याकडील शाळूवर वाढलेलें पांखरूं तें! आईनें चार शेर शाळू कोठून तरी मिळविला होता, तो एका डब्यांत वेगळा ठेवून ती राघूला मूठमूठ घाली. घरांतलीं माणसें मिलो खात असतां पांखराला शाळू, हें पाहून एका शेजाऱ्यानें टोंचून विचारलें. आई म्हणाली, “तो सासूबाईंचा आहे.” हें उत्तर ऐकून आमचे अण्णा, जे एके काळीं छत्री घेऊन घराबाहेर पडत, ते त्या शेजाऱ्यासमोर कांहीं बोलले नाहींत, मात्र त्या दिवसापासून स्वतःच्या ताटांतली चतकोर भाकरी, शाळूची असली म्हणजे, राघूपुढें ठेवूं लागले.

त्याच १९७२ सालीं देशांत वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला. पुढें देशी पांखरांचा व्यापार बंद झाला, आणि आज राघू, मैना यांपैकीं कोणतेंही आपलें रानपांखरूं पकडणें किंवा घरीं पाळणें हा गुन्हा आहे. हें लिहिणें अवश्य आहे. नाहीं तर आमचा लेख वाचून कोणी पिंजरा आणावयास निघावयाचा. कायदा योग्यच आहे. बाजारांत एक पोपट पिंजऱ्यांत येतो तेव्हां त्यामागें फोडलेल्या ढोली आणि मेलेलीं पिल्लें असतात. बाणभट्टाचा तो म्हातारा शबर अद्याप म्हातारपणानें मेलेला नाहीं. वादळांत पडलेलें पिल्लूं आज कोणाला सांपडलें, तर आईबाप जवळपास असल्यास तें टोपलींत घालून त्याच झाडावर ठेवावें, नसल्यास वनखात्याला कळवावें. पांखरांवर माया करण्यासाठीं पिंजरा लागतोच असें नाहीं. याचें उदाहरण आमच्या गांवांतच होऊन गेलें. मारुती चितमपल्ली १९३२ सालीं सोलापुरांत जन्मले, वनखात्याच्या नोकरींत उभें आयुष्य अरण्यांत काढून त्यांनीं ‘पक्षी जाय दिगंतरा’ सारखे ग्रंथ लिहिले, पक्ष्यांचा कोश रचला, २००६ सालीं सोलापुरांतच भरलेल्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, आणि १८ जून २०२५ रोजीं याच शहरांत त्यांनीं देह ठेवला.

राघू १९८३ च्या पौषांत गेला. शेवटचें वर्षभर त्याला उडतां येत नव्हतें. पिसें विरळ झालीं होतीं, एका डोळ्यांत सारा पडला होता. मिरची मात्र सुटली नव्हती. आदल्या रात्रीं आईनें पिंजरा झांकला तेव्हां तो नेहमींचें वाक्य बोलला, असें ती सांगे. आम्हीं तें ऐकलें नाहीं. सकाळीं तो पिंजऱ्याच्या तळाशीं पडलेला होता. लिंब होता तेथें, त्याच्या बुंध्याशीं, अण्णांनीं स्वतः खड्डा खणला. वैशंपायनाला कथेच्या शेवटीं शाप संपून पूर्वरूप मिळतें, एवढें एक वाक्य ते म्हणाले. आईनें लुगड्याचा तुकडा धुवून, घडी करून, कपाटांत ठेवला. पिंजरा मोडीत दिला.

१९८५ सालीं आमचा विवाह झाला. आमच्या पत्नीला शाळेंत नोकरी होती. सकाळची शाळा, मग घर, मग संध्याकाळच्या शिकवण्या. पहिल्याच उन्हाळ्यांतली गोष्ट. रात्रीं भांडीं आवरून ती माजघरांत उंबऱ्याशीं टेंकली होती, आणि बसल्या बसल्याच तिचा डोळा लागला. आई तिच्याजवळून जातांना थांबली, अंगावर एक चादर टाकली आणि म्हणाली, “दमलं गं माझं बाळ. नीज आता.”

पलीकडच्या खोलींत अण्णा वाचीत होते, त्यांनीं पुस्तक खालीं ठेविलें. ‘बाळ’ मधला तो लांबविलेला आकार, ‘आता’ वर उतरणारा स्वर, हा आमच्या आईचा आवाज नव्हता. तो आजीचा होता. चौदा वर्षें रोज रात्रीं ऐकून तो आईच्या गळ्यांत उतरला होता, आणि तिला स्वतःला त्याची खबर नव्हती. आमच्या पत्नीनें डोळे किलकिले करून “हो” म्हटलें आणि कूस बदलली. तिनें ना आजीला पाहिलें होतें, ना राघूला.